'हाव' नावाचं बटण

आमच्या ऑफिसात एका दुपारी कोटभर वेळा पत्ते पिसले जायचे आणि अठरा माणसांत धड रमी खेळता येणारं एकही नव्हतं. बुलढाण्याला चिखली रोडवर, खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली पोती, वर कॅसिनो. पेरणीच्या दिवसांत एखादा शेतकरी जिना चुकून वर यायचा, पडद्यावर गरगरणारी रंगीत चक्रं बघत दारातूनच विचारायचा, "डीएपी आलं काय हो?" आमचा प्रोग्रामर गजानन खुर्चीतून न उठता सांगायचा, "खाली, काका. इथं फक्त नशीब भेटते, अन् तेबी परदेशातल्याले."

नातेवाइकांत माझ्या नवऱ्याची फार पंचाईत व्हायची. ते शाळामास्तर. "ही कॉम्प्युटरवर आहे," एवढं बोलून ते घाईघाईनं पावसापाण्याकडे वळायचे. मी वळू द्यायची नाही. मी ऑनलाइन कॅसिनोचं सॉफ्टवेअर तपासते, असं सांगितलं की समोरची बाई हातातला कप खाली ठेवायची, आणि मग मला असा चेव यायचा की त्या दिवशी स्वयंपाकाला हमखास उशीर.

त्याआधी मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मानधन, सुट्टी लागली की रामराम. संभाव्यतेच्या तासाला मी बावन्न पत्त्यांची गणितं घालायची आणि अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायचा. देऊळघाटचा संदीप तेवढा फळ्याकडे बघायचा. पुढे तो पुण्याला गेला, खेळ बनवणाऱ्या कंपनीत वर चढला आणि मालकांच्या मागे हात धुऊन लागून त्यानं बुलढाण्यात शाखा काढायला लावली. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या बावन्न पत्त्याच्या गणिताले आता पगार भेटते. येता काय?" मी चहाचं आधण ठेवायच्या आधी होकार दिला.

धंदा काय ते आधी सांगते. कॅसिनो चालवणारे तिकडे, जिथे परवाना मिळतो अशा देशांत. आम्ही त्यांना खेळ लिहून द्यायचो. पत्ते, फासे, चक्रं, त्यांचे आवाज, नियम, बटणं, सगळं. माझं काम एकच, पत्ते प्रामाणिकपणे पिसले जातात की नाही ते तपासायचं. त्यासाठी संगणकाकडून ते कोटभर वेळा पिसून घ्यायचे आणि कुठला पत्ता कुठे कितीदा पडला ते ताडून बघायचं. कोणी म्हणेल, रटाळ. अहो, रटाळ कसलं! दर वेळी माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

एकदा तिकडच्या एका खेळणाऱ्यानं तक्रार केली. लागोपाठ तीन डावांत चौकटची अठ्ठी आली, म्हणजे तुमचं यंत्र चोर आहे. मला अशा तक्रारींचं भारी अप्रूप. तिफणीनं पेरलेलं बी सारख्या अंतरावर पडतं, हातानं फेकलेलं कुठे दाट, कुठे विरळ. योगायोग हा हातानं फेकलेल्या बियासारखा असतो. तीनदा अठ्ठी कधीच आली नसती तर मला संशय आला असता. मी त्याला तसं दोन पानी उत्तर लिहिलं. संदीपनं त्यातली बियाण्याची सगळी गोष्ट कापली आणि दोन ओळी पाठवल्या, याचा राग मला अजून आहे.

मग पत्ते प्रामाणिक, तर कॅसिनोवाल्याचं पोट कसं भरतं? नियमच असे बांधलेले असतात की पारडं किंचित दुकानाकडे झुकतं. एका डावात ते जाणवतही नाही. पण जो उठत नाही, त्याचं हळूहळू सगळं झिजतं. फसवायची गरज नसते, फक्त माणूस बसून राहायला हवा. म्हणून तिकडच्या कायद्यानं एक सक्ती केली आहे. तासभर खेळ झाला की पडद्यावर पाटी आलीच पाहिजे की, तुम्ही तासभर खेळताय, आणखी खेळायचं का? खाली दोन बटणं. आम्ही त्या पाटीला 'बसथांबा' म्हणायचो. बस, थांबा. नाव मी पाडलेलं. मात्र कुठल्याही भाषेत ही पाटी कोणी वाचत नाही, समोर आली की बोट आपोआप पुढे जातं.

आता मुख्य गोष्ट. परदेशातल्या मराठी माणसांसाठी मराठी खेळ करायचं काम कंपनीकडे आलं आणि संदीपनं भांडून ते बुलढाण्याला आणलं. पुण्याच्या मालकांनी अट घातली. मराठी खेळाला तिकडच्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं तर पुढच्या भाषाही बुलढाण्यालाच, नाहीतर शाखा बंद. आमच्यातले बहुतेक जण बाहेरची नोकरी सोडून घरी परतले होते. आणि मी? पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरं कोण पत्ते पिसायला देणार होतं?

भाषा पुस्तकी नको, माणसं बोलतात तशी हवी, असा कॅसिनोवाल्या गिऱ्हाइकाचा निरोप होता. गजानन इथल्याच उंद्रीचा, त्यानं मनापासून तशी लिहिली. आम्ही अठरा जणांनी वाचली. प्रत्येक पानावर 'तपासले' म्हणून सही माझी. चाचणीसाठी खेळ सुरू झाला आणि दहाव्या दिवशी तपासणी संस्थेच्या बाईंनी आम्हाला व्हिडिओवर बोलावलं. बाई इंग्रजीत, शांतपणे म्हणाल्या, "आमच्या मराठी जाणकारानं कळवलंय की तुमच्या पाटीवर खेळणाऱ्याला विचारलं जातं, आणखी खेळायचं का? आणि उत्तरं दोन आहेत. एक, लोभ. दुसरं, नाही. हे तुम्ही मुद्दाम केलंय का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. गजानन हळूच म्हणाला, "लोभ काऊन बे? हाव म्हंजे हाव न!" म्हणाला आणि स्वतःच्याच शब्दाला ठेचकाळला.

बटणावर लिहिलं होतं 'हाव'. वऱ्हाडात दिवसातून शंभरदा म्हणतो आपण. जेवला काय? हाव. येतो काय? हाव. साधा होकार. बाकीच्या महाराष्ट्रात 'हाव' म्हणजे काय, हे आम्हाला शाळेपासून ठाऊक, हावरटपणावर निबंध लिहिलेली माणसं आम्ही. पण अठरा जोडी डोळ्यांना तिथे होकाराशिवाय काही दिसलंच नाही. जगातल्या कुठल्याही कॅसिनोनं बटणावर असं उघड लिहिलं नसेल. मला आधी घाम फुटला आणि मग असं हसू फुटलं की कॅमेरा बंद करावा लागला.

बाईंनी दोन दिवसांत खुलासा मागितला. संदीपचा चेहरा उतरला होता. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. चाचणीत निम्म्या लोकांना मराठी पाटी आणि निम्म्यांना इंग्रजी पाटी दाखवली जात होती. दोन्हींची नोंद माझ्याकडे होती. बसल्या जागी मी ती काढली, आणि काय सांगू! इंग्रजी पाटीवर जवळपास सगळे पुढे जात होते. मराठी पाटीवर माणसं थबकत होती आणि त्यातली कितीतरी 'नाही' दाबून उठत होती. संख्याशास्त्राच्या मास्तरणीचा जन्म पुस्तकातली नाणी उडवण्यात जातो. असा जिवंत आकडा हाताला लागतो कुठे!

"मॅडम, हे दाखवू नका," संदीप म्हणाला. "बटण बदलाले दोन मिनिटं लागते. लोकं खेळ सोडून उठून राह्यले, हे गिऱ्हाइकाले सांगतलं तं तो आपल्याले ठेवीन काय?"

"संदीप, आकडा लपवायला मी तुला कधी शिकवलं होतं का?"

"नाई शिकवलं," तो म्हणाला, "पण तवा मले अठरा जणाचे पगार कराचे नव्हते."

मी दाखवलं. बाई पडद्याजवळ सरकल्या. त्यांनी तक्ता दोनदा बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. ही पाटी इतक्या वर्षांत कोणीतरी वाचताना मी प्रथमच बघते आहे, असं त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकाचा माणूसही जोडलेला होता. त्याला ठसका लागला, पण प्रमाणपत्राशिवाय त्याचं दुकान उघडणार नव्हतं. ठरलं असं की बाकी सगळीकडे 'हो' करायचं, बसथांब्यावर 'हाव' ठेवायचं आणि आणखी महिनाभर बघायचं. आकडे टिकले तर प्रमाणपत्र. त्या संध्याकाळी ऑफिसात कचोऱ्या आल्या आणि ज्यानं घोडचूक केली त्या गजाननला सगळ्यात जास्त मिळाल्या.

तीन आठवडे आकडे टिकले. मी रोज सकाळी आल्या आल्या ते बघायची, पर्स खांद्यावरून काढायच्या आधी. आणि मग एक पत्र आलं. ग्राहक सेवेकडे आलेलं, पण मराठीत म्हणून त्यांनी आमच्याकडे पाठवलेलं. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

"मी लोणारचा. एसटीत कंडक्टर होतो. आता पोराकडे राह्यतो. दुपारी घरात कोणी नसते. तुमच्या खेळात कोणीतरी आपल्याकडलं माणूस हाये, हे म्या वळखलं. तासाभरानं ते पाटी येते न, तिच्यावर 'हाव' लिवलेलं दिसलं का जिवाले बरं वाटते. इकडं हाव म्हणणारं कोणी नाही. मी ते पाटी यावं म्हणूनच बसून राह्यतो."

ऑफिसात एकच जल्लोष झाला. आमचं पहिलं कौतुकाचं पत्र! कोणी म्हणालं, फ्रेम करू. गजाननचे डोळे भरून आले. मीही खुशीत त्या लोणारच्या काकांच्या खात्याची नोंद उघडली आणि हसू तोंडातच राहिलं. रोजचे चार-चार, पाच-पाच तास. प्रत्येक पाटीवर हाव. हाव. हाव. 'नाही' एकदाही नाही.

एका माणसावरून अनुमान काढायचं नसतं, हे तर मीच शिकवायची. म्हणून मी ऑफिसात प्रयोग केला. सगळ्यांना बिनपैशाचा खेळ लावून दिला आणि पाटी तासाऐवजी दोन मिनिटांवर आणली. सोळा जणांनी न वाचता हाव दाबलं. ज्यानं तो शब्द लिहिला आणि ज्याला त्याचं सगळं रामायण ठाऊक, त्या गजाननचंही बोट तिथेच गेलं. "अबे, आपसूकच गेलं न ते!" तो स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाला. पुण्याच्या ऑफिसातल्या मुलांना तोच खेळ दिला. ते थबकले, हसले आणि उठले. आमचं बटण सगळ्या मराठी माणसांना थांबवत होतं, फक्त आपल्या माणसांना नाही. त्यांना ते घरचं वाटत होतं.

प्रमाणपत्राला आठ दिवस उरले होते. एकूण आकडे उत्तम होते. त्यात लोणारचे काका शोधायला कोणी येणार नव्हतं.

इथे मला एक कबूल करायचं आहे. ती नोंद मी दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवली. संदीपला आकडे लपवण्यावरून ऐकवणारी मीच. माझी खुर्ची, माझे पत्ते, माझं ऑफिस, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. त्या दोन दिवसांत काका नऊ तास बसले. ते नऊ तास माझ्या नावावर आहेत आणि त्याची लाज आजही वाटते.

तिसऱ्या दिवशी मी खण उघडला आणि सगळ्यांसमोर नोंद ठेवली. संदीपनं ती ओळ न ओळ वाचली. मग म्हणाला, "बाईले सांगा. पण नुसती चूक नका सांगू, मॅडम. इलाज बी सांगा." माझा विद्यार्थी, शेवटी!

मग इलाज शोधायची जी धमाल उडाली! वऱ्हाडी माणूस कशानं उठतो? 'नाही'च्या बटणावर काय लिहायचं? "उठ बे!" एक जण म्हणाला. "वडील माणसाले बे म्हणतं काय?" दुसरा त्याच्यावर धावला. "लाइट गेली लिवा, सारे उठतात." कोणी म्हणालं, "पाव्हणे आले लिवा." "मंग तं आतल्या खोलीत जाऊन खेळतीन!" फळा भरला, शेवटी भिंतीवर कागद चिकटवायची वेळ आली. आणि मग गजानन म्हणाला, "माही माय म्हणते, पुरे झालं न बाप्पा आता. तेवढं म्हणलं का म्या कुठी बी असो, उठतो."

भिंतीवर आणखी कागद चिकटवायची गरज उरली नाही. कारण प्रत्येकाच्या घरी हेच वाक्य होतं.

'नाही'च्या जागी 'पुरे झालं' आलं, पण हे नुसतं लिहून भागणार नव्हतं, ऐकू यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी गजाननच्या आई उंद्रीहून एसटीनं आल्या. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. कानाला ते यंत्र लावायला त्यांनी साफ नकार दिला. माइककडे संशयानं बघत विचारलं, "कोणाले म्हणू?"

"पडद्यावरल्या माणसाले, मावशी," मी म्हटलं.

"त्याले नाव-गाव नाई काय?"

"लोणारचे आहेत. मुलाकडे परदेशात राहतात. दुपारी घरी एकटेच असतात."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग माइकजवळ वाकून, अगदी शेजारच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला म्हणावं तशा म्हणाल्या, "पुरे झालं न बाप्पा आता. उठा. जेवले काय?"

'जेवले काय' कागदावर नव्हतं. गजानन काढायला निघाला, मी त्याचा हात धरला.

तपासणीवाल्या बाईंना मी सगळं कळवलं. पत्र, प्रयोग, दोन दिवसांचा खण, काहीही मागे ठेवलं नाही. त्यांचं उत्तर आलं की, नवी पाटी लावा, मी प्रमाणपत्र थांबवते. तुमच्या भागातला निदान हा एक माणूस उठलेला मला दाखवा, मग पुढचं बघू. म्हणजे अठरा जणांची शाखा आता लोणारच्या एका कंडक्टरच्या बोटावर येऊन ठेपली.

काकांची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. पाटी बदलली त्या दिवशी कोणी घरी गेलं नाही. माझ्या पडद्यावर त्यांच्या खात्याची ओळ होती आणि माझ्या खुर्चीमागे सतरा जण उभे. काका आले. खेळ सुरू. आम्हाला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त डाव मोजणारी ओळ सरकत होती. चाळीस मिनिटं. पन्नास. कोणीतरी माझ्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की मला मागे टेकता येईना. तास भरला, पाटी झळकली.

ओळ थांबली.

यापूर्वी काकांचं बोट दोन सेकंदांत पडायचं. दहा सेकंद झाले. अर्धं मिनिट झालं. "आवाज बंद असन काय त्याईचा?" संदीप कुजबुजला. "गप रे!" मी माझ्या साहेबाला दटावलं. मिनिट झालं. इतक्या वर्षांत कोटी कोटी डाव बघितले, पण एवढं मोठं मिनिट मी बघितलं नव्हतं. आणि ओळीच्या टोकाला शब्द उमटले, 'पुरे झालं'. काका खेळातून बाहेर पडले.

काय ओरडलो आम्ही! खालचा खतवाला काठी घेऊन जिना चढून आला, त्याला वाटलं साप निघाला. कॅसिनोच्या ऑफिसात एक माणूस खेळ सोडून उठला म्हणून अठरा जण एकमेकांना मिठ्या मारत होते, हे त्याला कसं समजावणार? संदीप खुर्चीवर बसून तोंड झाकून रडला. प्रमाणपत्र पुढे रीतसर आलं, शाखा राहिली, नव्या भाषा आल्या, आणि मी माझे पत्ते आणखी चार वर्षं पिसले.

त्याच संध्याकाळी, आम्ही कुलूप लावत होतो तेव्हा, ग्राहक सेवेकडून काकांचा निरोप आला. एकच ओळ होती, "सांगजा त्या बाईले, जेवलो म्हणा."

गजाननं जिन्यातच आईला फोन लावला आणि वाचून दाखवलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "आज जेवले, बरं झालं. पण उद्या कोण इचारन त्याईले?"